तक्रार चौदा दिवसांनी आपोआप बंद

विनीता केळकर पुंगोलला आमच्याच मजल्यावर राहायची, लिफ्टच्या पलीकडे. मी सुलभा, माझे यजमान मनोहर जहाजावर चीफ इंजिनिअर होते, आता निवृत्त आहेत. आम्हाला सिंगापुरात सव्वीस वर्षं झाली. विनीताचा नवरा शिरीषही जहाजावरच, चार महिने घरी तर सहा महिने समुद्रात. त्या धाग्यानं ओळख झाली, आणि तिची गार्गी शाळा सुटली की आमच्याकडे येऊ लागली. अकरा वर्षांची पोर. मी मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं चालायचं.

संध्याकाळी सव्वासहाला विनीता यायची. गार्गीला लगेच हाक मारायची नाही. आधी माझ्या डायनिंग टेबलाशी पाच-सात मिनिटं नुसती बसायची. मी चहा ठेवायचे, तोही कधी कधी निवून जायचा. मला वाटायचं, क्वीन्सटाउनच्या ऑफिसातून एमआरटीत, इथल्या मेट्रोत, उभी राहून येते, दमली असेल.

ती काय काम करते हे मला दोन वर्षं नीट ठाऊक नव्हतं. "चॅटच्या कंपनीत," एवढंच ती सांगायची. कंपनीचं ॲप होतं टॉकिरू. खेळ खेळता खेळता गप्पा मारायचं, दहा ते सोळा वर्षांच्या पोरांत भलतंच लोकप्रिय. गार्गीच्या वर्गात सगळ्यांकडे होतं, फक्त गार्गीकडे नव्हतं. "Mama works there and I cannot use, where got logic?" असं ती माझ्याकडे कुरकुरायची. मी विनीताला एकदा म्हटलंही, "अगं, तुमचंच आहे ना? देऊन टाक की." ती हसली नाही. म्हणाली, "काकू, तिथं मी पोरांच्या तक्रारी वाचते."

पुढचं सगळं मला ऑक्टोबरात कळलं, पण गोष्ट त्याच्या आधीच्या जानेवारीत सुरू होते, म्हणून तिथूनच सांगते.

विनीता ज्या विभागाची प्रमुख होती त्यात अकरा माणसं होती. एखाद्या मुलाला कोणी छळतंय, धमकावतंय, मोठा माणूस लहान असल्याचं सोंग करून बोलतोय, अशी तक्रार आली की ती या अकरांपैकी कोणीतरी वाचायचं आणि गरज पडली तर पोलिसांना कळवायचं. जानेवारीत तक्रारी दुप्पट झाल्या. माणसं मात्र अकराच राहिली. वरून नवा नियम आला: फोटो जोडलेली तक्रार माणसानं वाचायची, नुसत्या मजकुराची तक्रार आधी प्रोग्रॅम वाचेल आणि तिला गुण देईल. गुण कमी पडले की ती 'निरीक्षणात' जाईल. चौदा दिवसांत तक्रार करणारं मूल पुन्हा काही बोललं नाही, तर तक्रार आपोआप बंद.

मार्चमध्ये विनीताच्या लक्षात एक गोष्ट आली. बंद झालेल्या तक्रारींच्या नोंदीत 'तपासणारी व्यक्ती' असा एक रकाना होता. तो रिकामा ठेवता येत नव्हता. म्हणून प्रोग्रॅम तिथं विभागप्रमुखाचं नाव घालत होता. तिचं.

तिनं तिच्या साहेबाला मेल लिहिला. साहेबाचं नाव मुकुल. मूळचा दादरचा, ऑफिसच्या पँट्रीत तिच्याशी मराठीतच बोलायचा, गणपतीत घरी मोदकांना बोलावायचा. वाईट माणूस नव्हता, हे विनीता आजही म्हणते. त्यानं तिला बसवून सांगितलं, "तू म्हणतेस ते बरोबर आहे, पण या तिमाहीत माणसं मिळणार नाहीत. आणि एक लक्षात घे, आपण पोस्टमन आहोत. पाकिटात कोण काय लिहितं याचा जाब पोस्टमनला कोणी विचारत नाही."

"पोस्टमन अनोळखी माणसाला नव्या पोरांचे पत्ते काढून देत नाही, मुकुल," ती म्हणाली. "आपलं ॲप देतं." कारण टॉकिरूत 'तुझे नवे मित्र' अशी यादी यायची. तुम्ही ज्यांच्याशी बोलता तसलीच आणखी पोरं ते ॲप स्वतःहून सुचवायचं.

मुकुल म्हणाला, "मी वर बोलतो."

त्यानंतर सात महिने ती गप्प राहिली. हे तिनं माझ्यापासून लपवलं नाही, आणि पुढं कोर्टापासूनही नाही. तिचा सिंगापुरात राहायचा पास कंपनीवर, गार्गीचा पास तिच्या पासवर, गार्गीची शाळा त्या पासवर. "मी एक मेल लिहिला काकू, आणि स्वतःला सांगितलं, आपण सांगितलंय ना."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीवर दावा दाखल झाला. दावा लावणारी बाई सिंगापुरातलीच, रोहाना, एका पॉलिक्लिनिकमध्ये नर्स. तिच्या बारा वर्षांच्या मुलीशी टॉकिरूवर एक माणूस चौदा वर्षांचा मुलगा बनून बोलत होता. ॲपनंच त्याला ती मुलगी 'नवी मैत्रीण' म्हणून सुचवली होती. त्यानं तिच्याकडून एक फोटो मिळवला आणि मग त्या फोटोच्या धाकावर तिला सात आठवडे नाचवलं. त्याहून जास्त मी लिहिणार नाही. मुलीचं नाव छापायला कोर्टाची मनाई आहे, आणि नसती तरी मी ते लिहिलं नसतं.

ती मुलगी गप्प बसली नव्हती. तिसऱ्याच दिवशी तिनं ॲपवर तक्रार लिहिली होती: हा मुलगा नाही, मोठा माणूस आहे, माझा फोटो शाळेत पाठवीन म्हणतो, मी काय करू ते प्लीज कोणीतरी सांगा. तिला लगेच उत्तर आलं: तुझ्या तक्रारीबद्दल आभार, तुझ्यासारख्या मित्रांमुळे टॉकिरू सुरक्षित राहतं. मग काहीच नाही. तिनं फोटो जोडला नव्हता. जोडणार तरी कसा? तक्रार निरीक्षणात गेली. ती बिचारी दुसऱ्यांदा लिहायला धजावली नाही. चौदाव्या दिवशी तक्रार बंद झाली, तपासणारी व्यक्ती विनीता केळकर.

शेवटी शाळेतल्या समुपदेशक बाईंना त्या मुलीनं सांगितलं, पोलिस आले, त्या माणसाला पुढं तुरुंगवास झाला. पण रोहानानं वकील गाठला. तिचा प्रश्न वेगळा होता. माणसाला शिक्षा झाली ते ठीक, पण माझ्या मुलीनं ज्यांच्या दारावर थाप मारली त्यांचं काय?

मुकुलनं विनीताला खोलीत बोलावलं तेव्हा तिथं कंपनीचे दोन वकीलही होते. त्यांनी तिच्यापुढं टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र ठेवलं. साक्षीदार म्हणून तिचं नाव आधीच घातलेलं. त्यात एक वाक्य होतं: अल्पवयीन मुलांकडून आलेली प्रत्येक तक्रार प्रशिक्षित व्यक्तीकडून वाजवी मुदतीत तपासली जाते.

"हे खरं नाही," विनीता म्हणाली.

एक वकील शांतपणे म्हणाला, नोंदीत तर तुमचंच नाव आहे. तपासली नसेल, तर मग तुम्ही चुकीची नोंद होऊ दिलीत.

ती विचार करायला दोन दिवस मागून आली आणि त्या संध्याकाळी आमच्या टेबलाशी बसून तिनं हे सगळं सांगितलं. गार्गी आतल्या खोलीत टीव्ही बघत होती. मनोहर सहसा बायकांच्या बोलण्यात पडत नाहीत. त्या दिवशी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "आमच्याकडे इंजिनरूमचा अलार्म बंद केला तर लॉगबुकात सही लागते. आणि सही त्यानंच करायची, ज्यानं अलार्म ऐकला."

"माझं नाव तर आधीच चार हजार तक्रारींवर आहे, काका," विनीता म्हणाली. "मी एकही ऐकलेली नाही."

शिरीषचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. त्याचं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ कुठंतरी होतं आणि आवाज तुटत होता. तो म्हणाला, "सही करून मोकळी हो. तू वकील आहेस का? ते बघतील त्यांचं. गार्गीचं वर्ष मध्येच तोडायचं आहे का तुला?" विनीतानं त्याच्याशी वाद घातला नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "त्याचं काही चुकत नाही. मीही सात महिने हेच म्हणत होते."

मी तिला काय सल्ला दिला असं लोक मला विचारतात. खरं सांगते, मी म्हटलं, "नीट विचार कर." म्हणजे काहीच नाही. मला गार्गी दिसत होती.

तिसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात जाऊन सांगितलं की ते एक वाक्य काढलं तर बाकीच्यावर सही करीन. ते वाक्य निघणार नव्हतं, त्याच्यासाठीच तर सगळा कागद होता. तीन आठवड्यांनी विभागाची 'पुनर्रचना' झाली आणि विनीताचं पद उरलं नाही. मुकुल तिला खाली लॉबीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "मला माफ कर." तिनं विचारलं, "तू केलीस का सही?" प्रतिज्ञापत्र त्याच्या नावानं दाखल झालं होतं.

पास रद्द झाला की देश सोडायला तीस दिवस मिळतात. आईचा गेला तसा लेकीचाही गेला. विनीतानं गार्गीला आमच्याच घरी सांगितलं, कदाचित तिला कोणीतरी जवळ असावं असं वाटलं असेल.

गार्गी आधी समजलीच नाही. मग तिचा चेहरा लाल झाला. "So you just sign lah! One signature only! Everybody sign things!"

"त्यात खोटं लिहिलं होतं."

"So? It's not you who did the bad thing!"

विनीता मग म्हणाली, "एका मुलीनं मदत मागितली होती. माझ्या नावानं तिची तक्रार बंद झाली."

गार्गीनं विचारलं, "किती मोठी?" मराठीत विचारलं, ते मला आठवतंय.

"बारा."

गार्गी उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. तिला समजलं आणि तिनं आईला मिठी मारली, असं काही झालं नाही. ती आठवडाभर विनीताशी बोलत नव्हती. वर्गातल्या मैत्रिणींना निरोप द्यायलाही तिनं नकार दिला.

रोहानाच्या वकिलाचं पत्र त्याच दिवसांत आलं. विनीतानं त्याला स्वतःहून काही कळवलं नव्हतं. कंपनीच्या जुन्या कर्मचाऱ्यांना त्यानं सरसकट पत्रं पाठवली होती. आधी ती एका स्वतंत्र वकिलाकडे गेली. त्यानं सावध केलं: तुम्ही सांगायला उभ्या राहिलात तर कंपनीवाले सगळं तुमच्यावर ढकलतील, आणि कंपनीचा एकही कागद तुमच्यापाशी असता कामा नये. तिच्यापाशी नव्हताही. तिला फक्त मार्चमधल्या मेलची तारीख पाठ होती, आणि कुठल्या नोंदी मागाव्यात ते माहीत होतं.

रोहानाच्या वकिलाकडे जाताना तिनं मला सोबत नेलं. मी बाहेर बाकावर बसणार होते, पण तिथंच रोहाना बसलेली होती. बुटकी, चाळिशीची बाई, डोक्याला हिरवा तुडुंग, म्हणजे मलय बायका बांधतात तो रुमाल, कामाचा गणवेश तसाच. वकील बाहेर येऊन ओळख करून द्यायच्या आत तिनं ओळखलं. आज कोण येणार ते वकिलानं सांगितलं असणार, आणि नाव तिनं कंपनीच्या कागदांवर वाचलेलं. उठून उभी राहिली आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्हीच का त्या? तुम्ही वाचलं होतं माझ्या मुलीचं?"

विनीता म्हणाली, "नाही. कोणीच वाचलं नव्हतं."

मला वाटलं ती बाई ओरडेल. ती खाली बसली. मग म्हणाली, "ती मला अजून विचारते, मी चुकीचं लिहिलं का, म्हणून त्यांनी उत्तर दिलं नाही. माझं इंग्रजी वाईट होतं का."

विनीता रोहानाच्या शेजारी बाकावर टेकली. "तिला सांगा, तिनं अगदी बरोबर लिहिलं होतं," ती म्हणाली. "सांगाल ना? तिच्या लिहिण्यात काहीही चुकलं नव्हतं." रोहानानं मान हलवली, पण तिच्याकडे बघितलं नाही. त्या दोघींची मैत्री वगैरे काही झाली नाही. पुढं कोर्टात भेटल्या तेव्हाही दोघी मानेनंच ओळख दाखवत.

त्या दिवशी विनीतानं चार तास जबाब दिला. स्वतःच्या सात महिन्यांसकट. दहा दिवसांनी मायलेकी पुण्याला गेल्या.

पुण्यात तिला धड नोकरी मिळेना. मुलाखतीत शेवटची नोकरी का सुटली हे विचारत, आणि ती खरं सांगत असे. अखेर एका छोट्या कंपनीत हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम मिळालं. शिरीष जहाजावरून उतरून घरी आला तेव्हा त्यांच्यात बरंच काही झालं असावं. तिनं मला एवढंच कळवलं की फोनवर बोललो ते घाईत बोललो असं तो म्हणाला. गार्गीला मराठी, हिंदी, नवी शाळा, सगळंच जड गेलं.

इकडे कंपनीनं कोर्टाला अर्ज केला की दावा मुळातच काढून टाका. आम्ही निरोप पोचवणारे. कोणी निरोपातून गुन्हा केला तर तो गुन्हेगाराचा दोष. विनीतानं सांगितलेल्या नोंदी कोर्टानं मागवल्या तेव्हा त्यातून एक आकडा निघाला. त्या मुलीची तक्रार निरीक्षणात पडून होती त्या काळापासून अटकेपर्यंत, टॉकिरूनं त्याच माणसाला आणखी एकेचाळीस मुलं 'नवे मित्र' म्हणून सुचवली होती. न्यायाधीशांनी लिहिलं, निरोप पोचवणं वेगळं आणि कोण कुणाला भेटावं हे ठरवणं वेगळं. दुसरं कंपनीनं स्वतः केलं आहे, आणि तक्रार मिळाल्यावरही केलं आहे, तेव्हा तिला उत्तर द्यावं लागेल. अर्ज फेटाळला.

सुनावणी पुढच्या वर्षी ऑगस्टात झाली. विनीता एकटीच आली, आमच्याकडे उतरली. दोन दिवस उलटतपासणी चालली. मी मागच्या बाकावर होते. कंपनीचा वकील पुन्हा पुन्हा तिथंच यायचा. नाव तुमचं आहे. पगार तुम्ही घेत होतात. मार्चमध्ये कळलं तर ऑक्टोबरपर्यंत काय करत होतात? पोलिसांकडे का नाही गेलात?

"भीती वाटली म्हणून," विनीता म्हणाली.

"कशाची?"

"पास जाईल याची."

"म्हणजे स्वतःच्या सोयीसाठी तुम्ही गप्प बसलात."

"हो." तिनं घोटभर पाणी घेतलं. "मी बसले. त्याचा दोष माझा आहे. पण तो नियम मी केला नव्हता, आणि तो बदलायचा अधिकार माझ्याकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांना मी लिहून कळवलं होतं. त्या मेलवर तारीख आहे."

मुकुल तिच्यानंतर उभा राहणार होता. मुलीची साक्ष त्याच्या पुढच्या दिवशी होती, वेगळ्या खोलीतून, पडद्यावर. पण तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही कोर्टात पोचलो तेव्हा दालनाबाहेर वकील घोळका करून उभे होते. तडजोड झाली होती. कंपनी भरपाई देणार, किती ते गुप्त. तक्रारींचा नियम बदलणार. चूक मात्र कबूल करणार नाही.

विनीता रोहानाकडे गेली. "तुम्ही तडजोड मान्य केलीत?"

रोहाना म्हणाली, "उद्या ते माझ्या मुलीला प्रश्न विचारणार होते. काल तुम्हाला विचारले तसे."

घरी येताना एमआरटीत विनीता एकच वाक्य बोलली: "म्हणजे जबाबदार कोण, हे कोर्टानं सांगितलंच नाही." मनोहरांनी तिला नंतर समजावलं की अर्ज फेटाळल्याचा तो लेखी निर्णय आहे, तो कोणी पुसू शकत नाही. ती ऐकत होती, पण तिचं समाधान झालं नाही, आणि मला वाटतं ते व्हायलाही नको होतं. मुकुल अजून त्याच कंपनीत आहे. बढती मिळाली म्हणे.

गेल्या महिन्यात विनीताचा फोन आला. आणखी दोन कुटुंबांनी इथल्याच दुसऱ्या एका चॅट कंपनीवर दावा लावलाय, आणि त्यांच्या वकिलानं त्या लेखी निर्णयाचा आधार घेतलाय. अशा कंपनीत तक्रारी आतून कशा हाताळतात हे सांगायला त्यांना जाणकार साक्षीदार हवा आहे. मी विचारलं, "परत त्या पिंजऱ्यात उभी राहणार तू?"

"हो म्हणून टाकलंय," ती म्हणाली. "फक्त तारखा गार्गीच्या सहामाहीत यायला नकोत. ती म्हणते, या वेळी मीही येणार."

मागून गार्गीचा आवाज आला, मराठीत, थोड्या वैतागानं: "आणि काकूंना सांग, मी सोफ्यावर झोपणार नाही."